श्रावणबाळाचे वेतन

आमच्या महाराष्ट्र सरकारची एक योजना आहे. तिचे नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना'. नाव मोठे रसाळ आहे, आणि ज्या कोणा अधिकाऱ्यास ते सुचले त्याच्या अंगी थोडीबहुत काव्यशक्ती खचित असली पाहिजे. परंतु योजनेचा मजकूर वाचू गेल्यास असे आढळते की, हे वेतन ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांस मिळावयाचे आहे. म्हणजे कावडीत बसलेल्या मातापित्यांस. ज्याच्या खांद्यावर कावड होती त्या श्रावणास यातून एक कवडीही मिळावयाची नाही. वृद्धांस मिळते त्याबद्दल आमची तक्रार नाही. झालीच तर ते फार थोडे मिळते अशी होईल. आमचे म्हणणे श्रावणाविषयी आहे.

आमच्या मातोश्रींस तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांचे वय ७८ होते. डावे अंग गेले, वाचा निम्मी गेली. पाठीस शय्याव्रणे होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस पालटावी लागते, आणि घास गिळताना ठसका लागू नये म्हणून चमच्याचमच्याने भरवावे लागते. अधिक वर्णन करीत नाही. ज्यांच्या घरी असे अंथरूण आहे त्यांस ते ठाऊकच असते. आमच्या सौभाग्यवती २२ वर्षे शिक्षिका होत्या. झटक्यानंतर चौथ्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. त्यावर घरात वादविवाद असा झालाच नाही. त्यांचा पगार आमच्या पगाराहून कमी होता, आणि बहुतेक घरांत हा प्रश्न एवढ्याच गणिताने सुटतो.

मग आम्ही कायदा वाचावयास घेतला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ झाले. याच सुमारास 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा सरकारी शब्द रूढ झाला; शब्द बदलण्यास अर्थखात्याची संमती लागत नाही हा त्यातील मोठा सोयीचा भाग होय. यादीत कंपवाताचे नाव आहे. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे मात्र वेगळे नाव नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' हा शब्द आलेला आहे, त्याचाच आधार घेऊन त्या बिचाऱ्यांनी दाखला मिळवावयाचा. कायद्याचे बहुतेक विशेष लाभ शेकडा ४० च्या पुढे सुरू होतात. म्हणून रोग्यास प्रथम वैद्यकीय मंडळापुढे नेऊन त्याच्या शरीराची शेकडेवारी काढून घ्यावी लागते. अर्ज ज्या संकेतस्थळावर करावयाचा त्याचे नाव 'स्वावलंबन' असे आहे! जिला स्वतः कुशीवर वळता येत नाही अशा बाईच्या नावाने 'स्वावलंबना'चा अर्ज भरताना मनुष्यास हसू येते, परंतु ते फार वेळ टिकत नाही. मातोश्रींचा आकडा शेकडा ८५ ठरला.

याच कायद्यात आम्हांस हवा होता तो श्रावण सापडला. मराठीत त्यास 'काळजीवाहू' म्हणतात. हा शब्द आपणांस परिचित आहे तो काळजीवाहू मंत्रिमंडळामुळे. म्हणजे राजीनामा दिला आहे परंतु खुर्ची सुटलेली नाही, अशा गृहस्थांमुळे. घरातील काळजीवाहूने राजीनामा दिलेला असतो हे खरे. खुर्चीवर टेकावयास मात्र त्यास क्वचितच सापडते. कायद्याची व्याख्या उदार आहे. आईबाप अथवा कुटुंबातील इतर माणसे धरून, मोबदला घेऊन किंवा न घेता, जो कोणी दिव्यांग व्यक्तीची काळजी घेतो, तिला आधार देतो वा साहाय्य करतो, तो काळजीवाहू. येथे नावाने उल्लेख आला आहे तो आईबापांचा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अपंग बालक होते; अपंग आई आणि तिची प्रौढ मुले वा सुना ही 'इतर माणसे' या शब्दांत कशीबशी मावतात. पुढे २४ व्या कलमात, ज्यांस फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांस काळजीवाहू-भत्ता देणाऱ्या योजना सरकारने कराव्यात असेही म्हटले आहे. मात्र आपली आर्थिक कुवत व विकास यांच्या मर्यादेत. शिवाय तो भत्ता मिळावयाचा तो दिव्यांगास, काळजीवाहूस नव्हे. केरळाने 'आश्वासकिरणम्' या योजनेने अंथरुणास खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांस दरमहा ६०० रुपये देण्याचे ठरविले. रक्कम पाहून कोणीही मान हलवील. परंतु तेथे निदान सेवा करणारा कोणी आहे एवढे तरी सरकारदरबारी मान्य झाले.

सरकार अगदीच हात आखडते असेही नाही. ते देते, आणि कोणास देते हे पाहण्यासारखे आहे. अवलंबून असलेले आईबाप अपंग असल्यास आयकरात वजावट मिळते. १९६१ च्या कायद्यातील ८०-डीडी या कलमाने ती प्रसिद्ध झाली. अपंगत्व शेकडा ४० असल्यास ७५,००० रुपये आणि शेकडा ८० वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये, प्रत्यक्ष खर्च किती झाला हे न विचारता. जो जुन्या पद्धतीने कर भरतो आणि शेकडा ३० च्या पायरीवर उभा आहे, त्याचे यात उपकरासह वर्षास ३९,००० रुपये वाचतात. आता पाहा, ही वजावट आमची झाली. सौभाग्यवतींस उत्पन्नच उरलेले नसल्यामुळे त्यांस कर नाही, आणि कर नाही म्हणून सवलतही नाही. जो दिवसा महाविद्यालयात जाऊन पोपसाहेबांची काव्ये समजावून देतो त्यास मातृसेवेबद्दल ३९,००० रुपये, आणि जी रात्री तीनदा उठते तिला शून्य. शेतमजुराच्या घरी तर दोघांच्याही नावापुढे शून्यच. गरिबांसाठी केंद्राचे वृद्धापवेतन आहे. त्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयापर्यंत दरमहा २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांस, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षास पाच लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळू लागला. ही गोष्ट चांगली झाली. परंतु ती रुग्णालयातील खाटेची गोष्ट आहे. म्हातारपणाची बहुतेक दुखणी घरच्या खाटेवर काढावी लागतात. केंद्राच्या नोकरीतील स्त्रीस मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवस रजा आहे. आईबापांच्या संगोपनासाठी तशी वेगळी रजा नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह वसूल करून देतो. त्या कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून नाही! तिला त्यात ओढण्याचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये मांडले गेले, पण संमत झाले नाही. म्हणजे जिच्यावर कायद्याने कर्तव्य नाही तिच्याकडूनच आपण ते सर्व करून घेतो.

साहेबाच्या देशात हे सर्व फार आधी घडून गेले. तेथे १९७१ साली परिचर्येची गरज असलेल्यांसाठी भत्ता सुरू झाला आणि १९७६ साली परिचर्या करणाऱ्यासाठी वेगळा. या दुसऱ्या भत्त्यातून विवाहित स्त्रीस वगळले होते. कारण काय, तर ती एरवीही घरीच असावयाची! हा तर्क वाचताना आम्हांस तो एखाद्या मराठी सासूबाईंच्या तोंडचा वाटला. जॅकलिन ड्रेक नावाच्या विवाहित बाईंनी आईच्या सेवेसाठी नोकरी सोडली होती. त्यांनी दावा लावला, तो लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि जून १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तेथे आज सर्व आबादीआबाद आहे असे नव्हे. २०२५-२६ साली हा भत्ता आठवड्यास ८३.३० पौंड होता, आणि त्यासाठी ३५ तास सेवा करावी लागे. म्हणजे तासास अडीच पौंडही नाहीत. कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे एक पौंड गेली की सगळाच भत्ता बंद. तरीही एक गोष्ट आम्हांस भत्त्याहून मोलाची वाटते. सेवेत गेलेली वर्षे तेथे राष्ट्रीय विम्याच्या खात्यात जमा धरली जातात, आणि त्या बाईच्या स्वतःच्या म्हातारपणीच्या पेन्शनमधून ती गळत नाहीत. जर्मनीतही १९९५ च्या परिचर्या-विम्यात अशीच तजवीज आहे.

आमचे एक स्नेही यावर रागावले. "मातृसेवेचे पैसे मागता? पुंडलिकाने बिल पाठविले होते काय?" असे ते म्हणाले. पुंडलिकाविषयी आम्हांसही त्यांच्याइतकाच आदर आहे. आईबापांची सेवा सोडून तो देवासाठीही उठला नाही. पण त्या वेळी त्या घरात चूल कोणी पेटविली होती, याची चौकशी आमच्या स्नेह्यांनी कधी केलेली दिसत नाही. शिवाय सेवेचे मोल होत नाही, ही भाषा ती विनामोल घेणाऱ्याच्या तोंडी फार शोभत नाही. आमच्या सौभाग्यवती काही मागत नाहीत. त्या एवढेच विचारतात की, माझ्या साठीनंतर हिशेबात ही वर्षे कोठे दिसतील? त्यावर आमच्याजवळ उत्तर नाही, आणि कायद्याजवळही नाही.

रात्रीपुरती एक मावशी ब्युरोमार्फत येते. तिची सासू गावी आहे. दोन्ही डोळ्यांनी अंध, आणि वर्षभरापासून उठवत नाही. तिचे सर्व मावशीची सतरा वर्षांची मुलगी करते. त्यापायी तिचे अकरावीचे वर्ष बुडाले. आम्ही कायद्याची पाने चाळीत बसलेले पाहून मावशीने एके रात्री विचारले, "सर, त्यात माझ्या पोरीचं नाव कुठं बसतंय का?" व्याख्येत बसते, असे आम्ही सांगितले. पैशांचे विचारले तेव्हा, पैसे मिळाले तर आजीच्या नावाने, असेही सांगितले. ती म्हणाली, "मग आजीचंच करा." सौभाग्यवतींनी बसून अर्ज भरला. तपासणी तालुक्याच्या गावी, पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आहे. जीपचे भाडे ठरले आहे. सोबत मुलगी जाईल. म्हातारीस कोठे धरून उचलावे ते तिलाच ठाऊक आहे.