संबंधित लक्ष देतील काय?

वर्तमानपत्राला पत्र लिहिणं हा आमच्या पिढीतल्या अमरावती-अकोल्याकडच्या शिकलेल्या माणसाचा नेमाचा उद्योग होता. मास्तर लिहायचे, वकील लिहायचे, निवृत्त कारकून तर फारच लिहायचे. वर उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग 'मा. संपादक, सा. न. वि. वि.', मग 'आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून' कोणाचं तरी लक्ष वेधण्याची इच्छा. मधे गाऱ्हाणं. मूर्तिजापूरच्या अलीकडचे-पलीकडचे खड्डे, दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यातलं तोंडात धरवत नाही असं पाणी, कधी निघेल आणि कधी पोचेल याचा भरवसा नसलेली शकुंतला रेल्वे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : संबंधित लक्ष देतील काय? बहुतेक वेळा संबंधित लक्ष देत नसत. आम्ही तरी लिहायचो.

आता लक्ष वेधायला संपादक लागत नाही. गाडीचं चाक खड्ड्यात असतानाच फोटो निघतो आणि चाक बाहेर यायच्या आत तो मंत्र्यांच्या खात्यापर्यंत पोचतो. राज्य सरकारचं 'आपले सरकार' संकेतस्थळ २०१५ साली आलं, तिथे तक्रार केली की तिचा क्रमांक मिळतो. आमच्या पंधरा पैशांच्या कार्डाला असा क्रमांक कधी मिळाला नाही. अमरावती-अकोला रस्त्याबद्दल आम्ही वर्षानुवर्षं जी पत्रं लिहिली, त्यांचं काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही. त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पत्रांनी जे झालं नाही ते झालं, याचा आनंद आहेच.

पण पत्र लिहिण्याचे नियम आठवतात. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, डावीकडे समास सोडा, अक्षर सुवाच्य काढा. शाळेतल्यासारखे वाटणारे हे नियम छापखान्याच्या पोटातून आलेले होते. खिळे जुळवण्याच्या काळात एकच मजकूर कापून दोन-तीन कंपोझिटरांमध्ये वाटून द्यावा लागे, आणि पाठपोट लिहिलेला कागद कापता येत नाही. समास हवा तो संपादकाच्या दुरुस्त्यांसाठी. अक्षर सुवाच्य हवं, कारण अपुऱ्या उजेडात स्टिक हातात धरून एकेक खिळा वेचणारा माणूस ते वाचणार होता. त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नाही. तरी त्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून आम्ही पत्र दुसऱ्यांदा, नीट अक्षरात लिहून काढायचो. कच्चं पत्र वहीच्या मागच्या पानावर, पक्कं पत्र फुलस्केपवर. त्या दोहोंमध्ये चार-दोन वाक्यं आपोआप गळून पडत, आणि ती बहुतेक रागाची असत.

आता कच्चं आणि पक्कं असं काही उरलेलं नाही. बोट टेकवलं की ते पक्कं. व्हॉट्सअॅपवर चुकलेला मेसेज मागे घेता येतो, थोड्या वेळात दुरुस्तही करता येतो. ही सोय आम्हाला पेटीत पत्र टाकल्यावर नव्हती. पेटीत हात घालून पत्र परत काढावंसं वाटलं नाही असा आमच्यात कोणी नसेल. पण आता मागे घेईपर्यंत तो मेसेज चार ग्रुपांत गेलेला असतो.

पत्र गेलं की वाट पाहायची. अकोल्याहून 'मातृभूमी'ला किंवा 'देशोन्नती'ला लिहिलं तर गावातल्या गावात काम व्हायचं. अमरावतीकरांना 'हिंदुस्थान' जवळचा. पण ज्यांना आपलं म्हणणं सगळ्या विदर्भाने वाचावं असं वाटे, ते नागपूरला 'तरुण भारत'ला किंवा 'लोकमत'ला लिहीत. काहीजण त्यासाठी स्टेशनवर जात आणि मेलच्या डाक डब्याला असलेल्या फटीत पत्र टाकत, म्हणजे एक दिवस वाचतो. मग रोज सकाळी अंक आला की पहिल्या पानाआधी मधलं पान उघडायचं. आठवडा जाई, पंधरवडा जाई. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात अंकाची पाळी लावून उभे राहणाऱ्यांमध्ये काही असे असत की त्यांना बातमीशी देणंघेणं नव्हतं, आपलं पत्र आलं का एवढंच पाहायचं होतं. आलं की कात्रण, आणि कात्रणाला मागे पुठ्ठा.

आता वाट पाहायची ती दोन निळ्या खुणांची. मिनिटभरात त्या आल्या नाहीत तर माणूस अस्वस्थ होतो. उत्तरंही मिनिटात येतात, आणि खरं सांगायचं तर ती पुष्कळदा आमच्या वेळच्या उत्तरांपेक्षा उपयोगाची असतात. कपाशीवर बोंडअळी दिसली की फोटो टाकायचा आणि तासाभरात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेला गावचाच कोणी पोरगा औषध सांगतो. आमच्या पत्राला उत्तर छापून येईपर्यंत अळीने बोंड खाल्लेलं असे.

आणि आमच्या त्या मधल्या पानाबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहिली पाहिजे. ते सगळ्यांचं नव्हतं. संपादकाच्या टेबलापर्यंत पोचायला लिहिता येणं लागे, तेही एका विशिष्ट तऱ्हेचं. बायकांची पत्रं क्वचित दिसत. शेतमजुराचं पत्र आम्हाला आठवत नाही. कोणती गाऱ्हाणी सभ्य आणि कोणती नाहीत हे टेबलामागचा माणूस ठरवी, आणि तो माणूस बहुधा ठरावीक घरांतला असे. ही गोष्ट जुनी आहे. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नव्हता. ज्यांच्यासाठी दार बंद होतं त्यांना स्वतःचं पत्रच काढावं लागलं. आमच्या काळापर्यंत दार किलकिलं झालं होतं, एवढंच.

भाषेचंही तसंच. 'मले', 'तुले', 'काहून' असं घरी बोलणारे आम्ही पत्रात मात्र 'मला', 'तुला', 'का म्हणून' लिहायचो. चुकून एखादं वऱ्हाडी वाक्य निसटलंच तर छापून येताना ते पुण्याचं होऊन येई. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालीच आली होती, वऱ्हाडी बोलीला कादंबरीत मान मिळाला होता. तक्रारीच्या पत्रात तो मिळायचा होता. आज तेल्हाऱ्याची बाई 'पानीच नाई तं पीक कसं होईन?' असं सरळ लिहिते, किंवा लिहीत नाही, बोलून पाठवते, आणि तिचा आवाज जसाच्या तसा शंभर माणसांपर्यंत जातो. तिच्या वाक्याला कोणी हात लावत नाही. एवढ्या एका कारणासाठी नवा काळ आम्हाला मान्य आहे, आणि जुन्या काळाची आठवण काढताना जीभ जरा आवरावी लागते.

मग हळहळ कशाची? त्या टेबलामागच्या माणसाची. तो आमचं पत्र छापो न छापो, आधी पूर्ण वाचत असे. आपण लिहिलेलं कोणाहीसमोर जाण्याआधी एका माणसाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलेलं आहे, याची खात्री होती. लाल पेन्सिलीने तो दोन वाक्यं काढी, आणि चार दिवसांनी छापील पत्र वाचताना आमच्या लक्षात येई की त्या दोन वाक्यांत आपण शेजाऱ्याची अब्रू काढली होती. 'त्रस्त नागरिक' किंवा 'एक प्रवासी' अशी सही छापली जायची, पण खरं नाव आणि पत्ता त्याच्याजवळ असल्याशिवाय नाही. टोपणनावाच्या मागे कोण आहे हे निदान एकाला माहीत असायचं. पत्रांतल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असं नाही, अशी ओळ खाली असायची खरी. पण १८६७ सालच्या कायद्याने प्रत्येक अंकावर संपादकाचं नाव छापावं लागे आणि कोणी कोर्टात गेलं तर आमच्या पत्रापायी तोही पिंजऱ्यात उभा राहू शकत असे. आमच्या शब्दांखाली त्याचंही नाव होतं.

आता ते काम चाळण्या करतात. वर्तमानपत्रांच्या फेसबुक पानावर वर्ज्य शब्दांची यादी भरून ठेवता येते. त्यातला शब्द आला की प्रतिक्रिया आपोआप अडते. शिवी देणारा मधे एक टिंब टाकतो किंवा इंग्रजी अक्षरांत लिहितो, आणि पुष्कळदा पार होतो. वऱ्हाडी टोमण्यात तर शिवी नसतेच. 'लय शायने हाव तुमी' यात अडवण्यासारखा शब्द कोणता? अमरावतीच्या अंबापेठेत वाढलेल्या उपसंपादकाला हा टोमणा कोणाला, का आणि किती लागेल ते लगेच कळलं असतं.

याहून वेगळी एक सोय आहे, ती आम्हाला मनापासून खुपते. पानाचा चालक एखादी प्रतिक्रिया लपवू शकतो. लपवली की ती इतरांना दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते. आपलं म्हणणं सगळ्यांनी वाचलं, कोणी उत्तर दिलं नाही, असं समजून तो बसतो. आमच्या वेळी तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं तर लेख 'साभार परत' येई. ते दोन शब्द वाचताना पोटात कालवाकालव व्हायची, दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. पण नकार हातात यायचा. आपलं लेखन कुठे आहे हे आपल्याला माहीत असायचं.

आणि वाद संपवण्याची ती एक रीत. मधल्या पानावर महिना-महिना वाद चालत. वेगळा विदर्भ हवा की नको, गणपतीत लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत, कापसाला भाव का नाही. अकोल्याचे एक गृहस्थ लिहीत, त्यांना अचलपूरचे दुसरे उत्तर देत, मग यवतमाळचे तिसरे मधे पडत. सगळं बोलून झालं, मुद्दे फिरून तेच यायला लागले, की एक दिवस पत्रांच्या खाली चौकटीत छापून येई : या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे, संपादक. विषय संपे. जिंकलं कोणीच नसे. अकोल्याचे गृहस्थ आणि अचलपूरचे गृहस्थ पुढे कधी बडनेरा स्टेशनावर भेटले तर एकमेकांना चहा पाजत.

छापील कागदाने आगी लावल्या नाहीत असं नाही, पुष्कळ लावल्या. पण त्या चौकटीची आठवण आम्हाला अलीकडे दोनदा फार तीव्रतेने झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल उसळली. अकोल्यात ठिणगी पडली ती समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून, आणि त्यात माणूस मेला. दोन्ही वेळा संचारबंदी लागली, दोन्ही वेळा प्रशासनाने इंटरनेटच बंद केलं. ते करावं लागलं असेल. पण पूर्वी एका विषयावरचा पत्रव्यवहार एका ओळीत थांबत होता, आणि आता तो थांबवण्यासाठी अख्ख्या शहराचं बोलणं, दुकानदाराचं पैसे घेणं आणि पोरांचा अभ्यासही थांबवावा लागतो.

टेबलामागच्या त्या माणसाची जागा अगदीच रिकामी नाही. ती आता ग्रुपच्या अॅडमिनकडे आली आहे, पगार नाही, लाल पेन्सिल नाही. कॉलनीची शिक्षिका असते, सोसायटीचा खजिनदार असतो, गावचा ग्रामसेवक असतो. कोणी काही भलतं टाकलं तर पोलीस आपल्यालाच धरतील या धास्तीने त्यांच्यातल्या कित्येकांनी ग्रुप सोडले. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. माणूस घेणं आणि काढणं याखेरीज त्याच्या हाती फारसं काही नसतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर, २०२२ साली, दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकारही अॅडमिनला मिळाला. 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही कळ २०१८ पासून होतीच.

कळा आहेत म्हणून सगळे त्या दाबत नाहीत. आमच्याकडच्या चांगल्या अॅडमिन बाया मेसेज पुसण्याआधी फोन लावतात. 'काकाजी, ते शेवटचं वाक्य तेवढं काढून टाका न बाप्पा, त्यांच्या घरचे लोक हायेत ग्रुपवर.' काकाजी कुरकुरतात, मी काय खोटं लिहिलं म्हणतात, दहा मिनिटं आपली बाजू सांगतात. अॅडमिन बाई ऐकून घेते. मग काकाजी मेसेज काढतात, आणि संध्याकाळी तेच म्हणणं, ते एक वाक्य सोडून, पुन्हा टाकतात. तेव्हा त्यावर लोक उत्तरं द्यायला लागतात.