कर्नलच्या घरातली गळती

मथळा वाचून तुम्हाला वाटलं असेल, की ही लष्करातल्या कुणा झुपकेदार मिशीवाल्या कर्नलसाहेबांची गोष्ट आहे. तसं नाही बरं का! हा कर्नल राहतो कॉम्प्युटरमध्ये. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं, उच्चार मात्र सारखाच. कॉम्प्युटरमधल्या कर्नलचा अर्थ आहे गर. बी फोडली की आत सापडतो ना, तोच. विंडोज असो, लिनक्स असो की मोबाईलमधलं अँड्रॉइड असो, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात असा एक गर असतो आणि घरचा सगळा कारभार तोच पाहतो.

या कारभारातलं एक मोठं काम म्हणजे मेमरी वाटणं. शाळेतलं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. कपाटात पुस्तकं ठरावीकच. एक मुलगा येतो, पुस्तक नेतो, वाचून झालं की परत करतो. मग तेच पुस्तक दुसऱ्याला मिळतं. कॉम्प्युटरमध्येही असंच चालतं. तुम्ही चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडलात, की तो कर्नलकडे मेमरी मागतो. काम झालं की परत करतो. समजा, एखादा विसराळू प्रोग्रॅम परत करायला विसरला, तरी तो बंद झाला की कर्नल त्याच्या नावावरचं सगळं काढून घेतो. शाळा सोडताना दाखला हवा असेल तर आधी पुस्तकं जमा करा, तसंच हे!

आता या गोष्टीतलं दुसरं पात्र, ड्रायव्हर. हा काही एसटी चालवत नाही. प्रिंटर, माऊस, नेटवर्क कार्ड अशा यंत्रांशी कर्नलचं बोलणं करून देणारा हा दुभाषी. बरेचसे ड्रायव्हर कर्नलच्याच घरात राहतात. म्हणजे वाचनालयातल्या कपाटाची किल्ली असलेले घरचे लोक! त्यांनी पुस्तक नेलं आणि परत ठेवलं नाही, तर विचारणार कोण? ते ‘बंद’ होत नाहीत, त्यामुळे दाखल्याची वेळही येत नाही. गेलेली मेमरी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करेपर्यंत गेलीच.

यालाच म्हणतात ‘मेमरी लीक’, मेमरीची गळती. मला हे नाव थोडं फसवं वाटतं. नळ गळतो तेव्हा पाणी बाहेर जातं. इथे बाहेर काहीच जात नाही. मेमरी जागच्या जागी असते, पण ती कुणाच्या कामाची राहत नाही.

एक खरं उदाहरण सांगतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आहे. बाहेरून येणारी माहिती ठेवायला तो कर्नलकडून मेमरीचा एक खोका घेतो. मग त्या खोक्याचा पत्ता कार्डाला समजेल अशा रूपात तयार करून घेतो. बहुतेक वेळा पत्ता मिळतो आणि काम पुढे सरकतं. पण कधी पत्ता तयार झालाच नाही तर? ड्रायव्हर म्हणायचा, “जमलं नाही,” आणि निघून जायचा. हातातला खोका तसाच राहायचा! २०१९ साली ही चूक उघड झाली. तिला सीव्हीई-२०१९-१८८०६ असा क्रमांक मिळाला आणि लिनक्सच्या ५.३.५ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. दुरुस्ती केवढी? ‘खोका परत कर’ असं सांगणारी जेमतेम एक ओळ.

तुम्ही म्हणाल, एका खोक्याने काय बिघडतं? चला, गणित करू. दर सेकंदाला फक्त एक किलोबाइट गळतंय असं धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका दिवसात सुमारे ८४ मेगाबाइट आणि साधारण १२ दिवसांत पूर्ण एक गिगाबाइट! त्यातून कुणा खोडसाळ माणसाला हे गुपित कळलं, तर तो मुद्दाम तीच अडचण पुन्हा पुन्हा उभी करील. चोरी नाही, तोडफोड नाही; मेमरी संपेल आणि कॉम्प्युटर आपोआप गुडघे टेकेल. म्हणून अशा चुकीला नुसती चूक न म्हणता सुरक्षेतली फट म्हणतात.

आणि हा काही नुसता कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न नाही. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अँब्युलन्स सेवेने गाड्या पाठवण्यासाठी नवी संगणक यंत्रणा सुरू केली. ४ नोव्हेंबरला रात्री दोननंतर ती मंदावली आणि ठप्प झाली. कर्मचाऱ्यांना पुन्हा कागद-पेन हाती घ्यावं लागलं. चौकशीत कारण निघालं, ते हेच. ही गळती ड्रायव्हरमधली नव्हती, दुसऱ्या प्रोग्रॅममधली होती. पण जात तीच. गाडी पाठवण्याच्या प्रत्येक हुकुमाबरोबर थोडी मेमरी घेतली जायची आणि परत दिली जायची नाही. तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता!

माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासण्याचं. सगळं सुरळीत चालतं तो भाग मी नंतर वाचतो. आधी पाहतो, बिनसलं तर हा काय करतो? कारण सरळ रस्ता लिहिणाऱ्याने दहादा चालून पाहिलेला असतो. अडचणीच्या आडवाटेला फारसं कुणी फिरकत नाही आणि गळती नेमकी तिथेच सापडते. लहानपणी सायकलचा नट निघाला नाही, की मी पान्हा अंगणात टाकून खेळायला पळायचो. आई हाक मारायची, “काम झालं नाही म्हणून काय झालं? घेतलेली वस्तू जागेवर ठेव!” त्या ड्रायव्हरला हवी होती ती एक ओळ आमच्या आईला तोंडपाठ होती.

घरी विंडोजचा कॉम्प्युटर असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा. तिथे ‘नॉन-पेज्ड पूल’ नावाचा आकडा दिसेल. कर्नल आणि ड्रायव्हर यांनी घेतलेल्या मेमरीचा तो एक भाग. तासातासाने वहीत टिपून ठेवा. थोडा वर-खाली झाला तर काळजी नको. पण दिवसभर नुसता चढतच राहिला, तर समजा, कुणीतरी पुस्तक परत करत नाहीये!