आठ हजार वेढे

तांब्याची ही तार डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते. जाडी जेमतेम 0.06 मिलिमीटर, अंगावर इनॅमलचा तांबूस लेप. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपसाठी ती सहा छोट्या चुंबकांभोवती गुंडाळायची, आठ हजारांच्या आसपास वेढे. चिमटीत तार धरून मी बॉबिन फिरवू लागतो आणि खोली, दुपार, खिडकीतलं सोलापूरचं पांढरंफेक ऊन, सगळं हळूहळू त्या एका रेषेत ओढलं जातं. जरा ओढ वाढली की तार तुटणार, जरा सैल पडली की वेढे फुगणार, आणि या दोन भीतींमधल्या चिंचोळ्या वाटेनं बोटं चालत राहतात, श्वासही तिच्याच लयीत येतो-जातो. काळ गुंडाळला जातो.

हाताचे वेढे शिस्तीत बसत नाहीत. तिरके पडतात, एकमेकांना ओलांडतात, मधे हवेच्या बारीक फटी ठेवतात. त्या फटींमुळे सुराची वरची धार मोकळी राहते, असं हातानं पिकअप बनवणारे मानतात.

या शहराला गुंडाळणं नवं नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत किती हातांनी कांड्या भरल्या! पण कांडी भरते ती रिती होण्यासाठी. धोट्यातून धावत, चादरीच्या नक्षीत उतरून संपण्यासाठी. माझी बॉबिन भरते ती कधीच न उलगडण्यासाठी. वितळलेल्या मेणात बुडून, वेढ्याला वेढा चिकटून, तिनं जागच्या जागी राहायचं आणि ऐकायचं.

कसं ऐकते ती? फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं, चुंबकाचं क्षेत्र हललं की वेटोळ्यात वीज जागी होते. गिटारची पोलादी तार थरथरते, क्षेत्र ढवळतं, तांब्यात त्याच थरथरीची वीज उमटते. हवेतल्या सुराशी बॉबिनचं नातं नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार तिच्यापुढे छेडा, ती बहिरीच. तिला फक्त लोखंडाचं कापणं कळतं.

आणि विजेचं. संध्याकाळी ॲम्प्लिफायर लावला, तारांवर तळवा ठेवून त्या निजवल्या, तरी खाली एक घरघर उरतेच: 50 हर्ट्झची, जी वीज माग चालवते, पंखे फिरवते, गल्लीतले दिवे पेटवते, तिची. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर देखणा उपाय काढला. दोन वेटोळी, उलट वेढ्यांची, उलट चुंबकांची. घरघर एकमेकींत विरते, सूर तेवढा उरतो. त्या युक्तीपुढे माझं मन लवतं.

तरी तळव्याखालची ती घरघर मी ऐकत बसतो. एका तारेच्या थरथरीसाठी जे इतकं हळवं झालं, ते भोवतालच्या शहराला बंद कसं राहील? हळवेपण वाटून घेता येत नाही. माझा पुढचा पिकअपही एकाच वेटोळ्याचा असेल.