सोसवेल इतका शेक

पुण्याच्या कसब्यात कुणाचं काही दुखलं की पहिला सल्ला शेकाचाच. गुडघा धरला, शेक. पाठीत उसण भरली, शेक. पोटात कळ आली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बेंबीभोवती फिरवायची. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवलेली मी लहानपणी आमच्याच वाड्यात पाहिली आहे. पलीकडे तांबट आळीत दिवसभर मठारकामाचे ठोके चालत आणि रात्री त्याच कारागिरांची मनगटं बंबातल्या कढत पाण्यात बुडालेली असत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा शेकाला नावं ठेवून मला चालायचं नाही. आखडलेला स्नायू शेकाने सैल होतो, रक्त खेळतं, सांधा हलवताना त्रास कमी होतो. माझं भांडण आहे ते शेकाच्या मापाशी. ‘सोसवेल इतकं गरम ठेव’ हे आपलं पिढीजात माप. बाळंतिणीला ते पुरतं आणि तांबटालाही पुरतं, कारण जास्त झालं की ती ओरडते, तो हात काढून घेतो. पण सोसतंय की नाही हे ज्याला मुळात कळतच नाही, त्याला हे माप लावलं की काय होतं ते मी आमच्या पेठेतल्याच एका केंद्रात पाहिलं.

केंद्राचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत वरचे दोन मजले. अंथरुणाला खिळलेले, पक्षाघात झालेले, विसरभोळेपणाच्या पुढे गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या. मुलगा बाणेरला किंवा थेट अमेरिकेत, आणि आईला मात्र पेठ सोडवत नाही, अशी बरीच घरं. दिवसा एक सिस्टर, रात्री मजल्यावर एकच मावशी. मी व्यायाम करून घ्यायला जाते.

जानेवारीतल्या थंडीत एका सकाळी सिस्टरने मला जिन्यातच गाठलं. “मॅडम, शिक्षिका आजींच्या पोटरीला बेडसोअर झालाय वाटतं. जरा बघता का?”

पोटरीवर बेडसोअर सहसा होत नाही. टाचेला होतो, माकडहाडाला होतो, जिथे हाड कातडीच्या लगेच खाली असतं तिथे. पांघरूण बाजूला केलं तर पोटरीच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा लाल पट्टा, त्याच्या कडेने पाण्याने भरलेले फोड आणि मधोमध पांढरट, मेणचट चकती. मी चकतीच्या कडेला हलकेच बोट टेकवलं. आजी खिडकीतून खालच्या भाजीवालीशी काहीतरी बोलत होत्या, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. जखमेची कड दुखते आणि मधला भाग दुखत नाही, तेव्हा मधला भाग जास्त खोल भाजलेला असतो. इथे तर कडसुद्धा दुखत नव्हती.

रबरी पिशवी पलंगाखालीच सापडली. रात्री आजींनीच मागितली होती. मावशींनी गॅसवर पाणी उकळलं, पिशवी काठोकाठ भरली, एकेरी टॉवेलमध्ये गुंडाळली, पोटरीखाली ठेवली, वरून रजई घातली. आजींनी झोपेची गोळी घेतली होती. पहाटे पिशवी गार झाल्यावर मावशींनी ती काढून ठेवली. अंधारात पाय कोण बघणार?

दुपारी आजींचा मुलगा आला. चिडलेला होता, साहजिकच होतं. पण त्याचा पहिला प्रश्न मावशींना नव्हता, मला होता. “अहो, माझी आई चहा जरा कोमट झाला तरी कप परत पाठवते. इतका चटका बसला तर तिने हाक कशी मारली नाही?”

तोंडी समजावण्यापेक्षा मी दाखवायचं ठरवलं. फिजिओच्या बॅगेत काचेच्या दोन परीक्षानळ्या असतात, निदान असायला हव्यात. एकीत नळाचं गार पाणी भरलं, दुसरीत आपण आंघोळीला घेतो तसं ऊन पाणी. आजींना डोळे मिटायला सांगितलं आणि आधी नळ्या हाताला लावल्या. “गार. गरम. गरम. गार.” एकही उत्तर चुकलं नाही. मग जखम नसलेल्या पायाला, घोट्याच्या जरा वर.

“काय लावलं, आजी?”

“काचेचं काहीतरी आहे.”

“गरम की गार?”

“ते मला काय विचारतेस? पाणी तू भरलंयस.”

पुन्हा विचारलं, नळ्या बदलून विचारलं. काच कळत होती, ऊन-गार कळत नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांच्या मधुमेहात असंच होतं. नसांमधले अगदी बारीक तंतू आधी निकामी होतात आणि तापमान व वेदना मेंदूपर्यंत पोहोचवणारे तेच असतात. स्पर्श बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे माणसाला वाटतं, माझ्या पायाला सगळं कळतं. घरच्यांनाही तसंच वाटतं. मुलगा नळ्यांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे घरी असती तरी हेच झालं असतं.” झालं असतं. आजींचं पेन्शनचं काम सुद्धा स्वतः बघणारं डोकं इथे काही उपयोगाचं नव्हतं.

पाय बधिर असणं ही एक गोष्ट झाली. म्हातारपणी कातडी पातळ होते, तीही भर पडते. शिवाय निरोगी पायाला बाहेरून ऊब मिळाली की रक्त जोरात खेळून ती वाहून नेतं. धमन्या अरुंद झालेल्या पायात ते होत नाही, उष्णता तिथेच साचत राहते. आणि पिशवीवर अंगाचा भार पडला की दोन गोष्टी बिघडतात: टॉवेलच्या पदरांमधली हवा दाबली जाऊन आडोसा कमी होतो आणि दाबामुळे रक्तही अडतं. म्हणून पिशवी अंगावर ठेवायची असते, अंगाखाली नाही. आमच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी शिकवलं जाणारं हे वाक्य रात्रीच्या मावशींपर्यंत कधी पोहोचतच नाही.

आकडे सांगते, कारण शेकात आकड्यांना कुणी विचारत नाही. मोरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली डुकराच्या कातडीवर आणि स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं, की कातडीचं तापमान ४४ अंश सेल्सिअसवर राहिलं तर भाजायला साधारण सहा तास लागतात आणि ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. आता दुसरी बाजू बघा. शेकाचा गुण यायला ऊतींचं तापमान ४० ते ४५ अंशांपर्यंत जावं लागतं. आराम आणि इजा यांच्यात इतकंच अंतर आहे! त्यात उकळतं पाणी भरलेली पिशवी, झोपेची गोळी आणि बधिर पाय. ४४ अंश हे काही भयंकर वाटत नाही, हात लावला तर छान ऊबदार वाटतं. पण रात्र सहा तासांहून मोठी असते.

दवाखान्यातले हॉट पॅक तरी वेगळे असतात का? कॅनव्हासच्या कप्प्यांमध्ये बेंटोनाइटची माती भरलेली असते आणि ते स्टीलच्या टाकीत ७० ते ७५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. तसाच पॅक अंगावर ठेवला तर पक्की इजा. म्हणून सहा ते आठ पदर टॉवेल, पंधरा-वीस मिनिटं, आणि पाच मिनिटं झाली की पॅक उचलून कातडी बघायची. हलकी, एकसारखी लाली चालते. डाग, ठिपके, लालीत मधेच पांढरा भाग दिसला की थांबायचं. हे बघणंच कामाच्या गर्दीत पहिलं गळतं. हा प्रश्न आपल्याच गरिबीचा आहे असंही नाही. विजेच्या हीटिंग पॅडने भाजल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला १९९५ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला: झोपलेल्या, बधिर कातडीच्या किंवा रक्ताभिसरण कमी असलेल्या माणसाला पॅड लावू नका, आणि पॅडवर झोपू नका.

आजींना प्लास्टिक सर्जनकडे न्यावं लागलं, मांडीची कातडी काढून पोटरीला लावावी लागली. मधुमेहामुळे जखम भरायला उन्हाळा उजाडला.

इकडे केंद्रात सगळ्यांना मावशींना काढून टाकायची घाई झाली होती. मला ते पटलं नाही, आणि मी ते मालकांना तोंडावर सांगितलं. मावशी मला म्हणाल्या होत्या, “ताई, आजीच म्हणाल्या की अजून गरम हवं. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?” त्यांनी घरी सासूला जसं शेकलं तसंच इथे शेकलं. रक्तदाबाची एक गोळी द्यायची तर केंद्रात डॉक्टरची सही लागते, तक्त्यावर वेळ लिहावी लागते, दिल्यावर खूण करावी लागते. शेक मात्र कुणीही मागावा, कुणीही द्यावा, कुठेही नोंद नाही. ज्याने कातडी जळून मांडीची कातडी लावायची वेळ येते, त्याची गोळीइतकी तरी दखल घ्यायला नको? शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपला कायदा १९४९ पासून आहे, ज्येष्ठांच्या देखभालीचा २००७ पासून. पण रात्री नऊ वाजता पिशवीत पाणी कोण ओततंय हे बघायला कायदा वर येत नाही.

मालकांनी ऐकलं, थोडं कुरकुरत का होईना. रबरी पिशव्या खोल्यांमधून काढून घेतल्या. त्यातल्या निम्म्यांच्या तोंडाशी रबर तडकलेलं होतं, एखादी फुटायचीच बाकी होती. शेक आता दिवसाच मिळतो आणि तक्त्यावर लिहूनच: कुणाला, कुठे, किती मिनिटं, कुणी दिला, आधी आणि नंतर कातडी कशी होती. दोन नळ्यांची परीक्षा ज्यांना जमली नाही त्यांच्या तक्त्यावर लाल अक्षरात ‘शेक नाही’. ज्यांना प्रश्नच समजत नाही, त्यांनाही नाही. मलम चोळून वर शेक बंद, कारण बामने आधीच कातडी चुरचुरत असते आणि शेकाची आच त्यात कळत नाही. वेदनेची औषधी पट्टी चिकटवलेली असेल तर तिथे शेक मुळीच नाही. उष्णतेने त्यातलं औषध जास्त वेगाने अंगात जातं. शेक घेणाऱ्याच्या हातात घंटीचं बटण, आणि देणारीने खोली सोडायची नाही.

म्हाताऱ्यांनी पहिले काही आठवडे आम्हाला शिव्या घातल्या. त्यांचंही खरं होतं. पुण्याची जानेवारीतली रात्र, फरशी बर्फासारखी, आणि पायाशी ऊब नाही. मग खोली गरम ठेवण्याकडे लक्ष दिलं: खिडक्यांच्या फटी बुजवल्या, झोपण्याआधी रजया गरम करून ठेवायच्या, लोकरीचे मोजे, संध्याकाळी पायांचा व्यायाम. पिशवीची मजा मोज्यांना नाही, हे एका आजोबांनी मला रोज सुनावलं.

खरी अडचण नातेवाइकांची. रविवारी भेटायला येताना मुली प्रेमाने तुळशीबागेतून विजेवर तापणारी जेलची पिशवी घेऊन येतात. मी बघितलेल्या पिशव्यांवर ती किती अंशांपर्यंत तापते हे लिहिलेलं नव्हतं. उशीखाली लपवून ठेवलेली एक पिशवी सिस्टरने चादर बदलताना पकडली. दुसऱ्या एका घरून मिठाची पुरचुंडी आली, तव्यावर भाजून. लोखंडी तव्यावरचं मीठ शंभर अंशांच्या कितीतरी वर जातं, हे त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या आजेसासूबाई हेच करायच्या.” करायच्या, आणि आजेसासरे चटका बसला की ओरडायचे.

भाजल्यावर काय करायचं, याचेही घरोघरी आपापले ग्रंथ आहेत: टूथपेस्ट, हळद, शाई, किसलेला बटाटा, बर्फ. यातलं काही लावू नका. हळदीने आणि शाईने कातडीचा रंग झाकला जातो, मग किती खोल भाजलंय हे डॉक्टरला कळत नाही. बर्फाने आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. नळाचं साधं गार पाणी, वीस मिनिटं, जखमेवरून वाहतं. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून डॉक्टरकडे जायचं. मधुमेह असेल तर फोड कितीही लहान असला आणि दुखत नसला तरी त्याच दिवशी. दुखत नाही म्हणून तर जास्त लवकर.

तुमचे आई-वडील अशा केंद्रात असतील तर पुढच्या भेटीत बिलाच्या आधी शेकाचा तक्ता मागा. तक्ता नसेल तर मालकांना दोन परीक्षानळ्या आणून द्या, मेडिकलच्या दुकानात नाही मिळाल्या तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात, आणि रात्रीच्या मावशींसमोर त्या स्वतःच्या आईच्या पायाला लावून दाखवा. आणि थंडीत काही घेऊन जायचंच असेल तर पिशवीऐवजी लोकरीचे मोजे न्या, दोन जोड.