अफवा गावात शिरण्याआधी

२८ जून
शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुन्हा तोच मजकूर आला : ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा.’ कुठे, केव्हा, कुणी पाहिलं, काहीच नाही. पाठवणाऱ्या पालकांना फोन केला. म्हणाले, “सर, खरंखोटं देव जाणे, पण पाठवलेलं बरं.” २०१८ मध्ये अशीच एक चित्रफीत देशभर फिरली होती. ती कराचीतल्या जनजागृती मोहिमेची होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापला होता.

३० जून
अशाच अफवेतून घडलेल्या राईनपाड्याच्या हत्याकांडाची कात्रणं काढली. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातल्या त्या गावचा रविवारचा आठवडी बाजार. भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यातला एक जण लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून जमाव धावून आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांचा जीव घेतला. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे.

अफवेनं निमित्त पुरवलं. संशय जुनाच होता. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आजही पावलं आधी भटक्यांच्या पालाकडे वळतात. पालावरच्या माणसाची बाजू घेणारं गावात कुणी नसतं, म्हणून त्याच्यावर हात उचलणं सोपं जातं.

१ जुलै
राईनपाडा घडलं त्याच रात्री मालेगावातही जमावानं परभणीकडच्या पाच जणांच्या कुटुंबाला घेरलं होतं. त्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. तिथल्या रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं आणि पोलिसांनी सुखरूप बाहेर काढलं. अफवा तीच, पण इथे कुणीतरी दार उघडलं.

झुंडबळींबाबत सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्येच प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी जन्मठेप किंवा फाशी आहे. हे हवंच होतं. तरी पहिला अर्धा तास गावाच्याच हातात असतो.

३ जुलै
सरपंच, पोलीस पाटील, बचत गटातल्या ताई असे बसलो. कुणी सुचवलं, माळावर उतरणाऱ्यांची नावं रोज लिहून घेऊ. मी विरोध केला. १८७१ च्या कायद्यातली हजेरी हीच होती. ठरलं ते असं : पाल पडलं की सरपंचांनी स्वतः जाऊन भेटायचं, पोलीस पाटलांचा नंबर पालावरच्यांना द्यायचा. अफवा आली की गटावर तासाभरात खुलासा टाकायचा. गर्दी जमलीच तर ११२ ला फोन, आणि पुढे उभं राहायला चार माणसं आधीच ठरलेली.

मारणारे थोडे असतात, बघणारे पुष्कळ. गावानं तयार करायचं आहे ते या बघणाऱ्यांना, आणि तेही आज, गर्दी जमायच्या आधी.