एक फाटक, की उघडे रान?



सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यात जमा झाले होते, त्या दिवसांतली गोष्ट. केज तालुक्यातल्याच एका गावचे आबा सकाळी कार्यालयात आले आणि उभ्यानेच म्हणाले, "साहेब, अडतीस हजार गेले." गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पीएम किसानच्या यादीची म्हणून एक फाइल आली होती. ती त्यांनी फोनमध्ये बसवली आणि रात्रीतून खाते रिकामे झाले. "कुणी पाठवली होती?" मी विचारले. आबा जरा घुटमळले. म्हणाले, "तुम्हीच की. तुमचं नाव पाहिलं म्हणून तर दाबलं."

खरे होते. मला ती दुसऱ्या गटातून आली होती. नाव सरकारी, चिन्ह सरकारी, हप्त्याचे दिवस. मी न उघडताच चार गावांच्या गटांत पुढे सारली. पिशवीवरचे लेबल वाचा, पक्के बिल घ्या, हे सांगण्यात माझी नोकरी गेली, आणि हे मी केले!

आबांना घेऊन आधी १९३० या क्रमांकावर तक्रार दिली, मग बँक गाठली. थोडी रक्कम वाटेत अडली, बाकीची गेली. चारही गटांत लिहिले की ती फाइल मीच पाठवली होती, कुणी बसवू नये. लिहिताना हात जड झाला. पण तासाभरात दोघांचे फोन आले. त्यांनीही ती बसवली होती आणि पैसे अजून जागेवर होते.

तर वाचकहो, अ‍ॅप आपल्या फोनमध्ये दोन वाटांनी येते. एक वाट प्ले स्टोअरची. ते गूगल कंपनीचे दुकान, तिथे माल तपासून मांडतात. दुसरी वाट अशी थेट फाइलची, तिला एपीके म्हणतात. ती बसवताना फोन एकदा हटकतो, आपण 'परवानगी द्या' म्हणतो, आणि मग आत आलेले अ‍ॅप आपले मेसेज वाचण्याचीही मुभा मागून घेते. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो, तो परस्पर चोराला पोचतो. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांकडे जो आयफोन असतो, त्यात आपल्या देशात ही दुसरी वाटच नाही. अ‍ॅपल कंपनीचे एकच दुकान.

आबा म्हणाले, "मग आपल्यालाबी एकच फाटक बरं." त्या दिवशी मीही मान हलवली असती. पण माझे लहानपण कापसाच्या घरातले. १९७२ पासून आपल्या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही. हमीचा आधार होता, व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटका होती. पण वडिलांबरोबर बैलगाडीखाली, रांगेत, थंडीत काढलेल्या दोन रात्री मला आठवतात. शेजारच्या राज्यात भाव चढला की गाड्या रात्रीच्या सीमेपलीकडे जायच्या. ज्याच्या हाती एकमेव फाटक, तो म्हणेल तो नियम.

फोनच्या बाजारातही तेच झाले. या दुकानदारांनी अ‍ॅपमधल्या विक्रीवर अनेक वर्षे तीस टक्क्यांपर्यंत कमिशन घेतले. ही अडत आपल्या बाजार समितीत कुणी मागितली असती तर काय झाले असते, तुम्हीच सांगा. अँड्रॉइड फोनांवरच्या आपल्या पकडीचा गैरफायदा घेतला म्हणून आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या भांडणातून नोकरी शोधण्याची आणि लग्ने जुळवण्याची काही भारतीय अ‍ॅप दुकानातून काढली गेली; सरकार मध्ये पडल्यावर ती परत आली. युरोपात तर कायद्याने २०२४ पासून अ‍ॅपललाही इतर दुकाने येऊ द्यावी लागली.

आणि तपासलेल्या दुकानात सगळे चोख असते म्हणावे, तर तसेही नाही. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात कर्ज देणारी अडीच हजारांवर अ‍ॅप प्ले स्टोअरमधून हटवली गेली. परवानाधारक कृषी केंद्रातही कधी बोगस बियाणे निघतेच. पण तिथे निदान बिल असते आणि दारात उभे राहून भांडता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फाइलला ना दुकान ना दार.

माझे मत विचाराल तर बियाण्याच्या बाजारासारखे असावे. दुकाने अनेक असोत, पण परवाना, लेबल आणि तक्रारीची जागा प्रत्येकाला हवी. तसे होईतो मी आबांच्या फोनमधली बाहेरच्या फाइलींची परवानगी बंद करून दिली आहे. माझ्याही.

परवा आबा ई-पीक पाहणीचे अ‍ॅप घ्यायला आले. प्ले स्टोअरमध्ये नाव घातले तर मिळत्याजुळत्या नावांची चार अ‍ॅप पुढे आली. "यातलं सरकारचं कोणतं?" आबांनी विचारले. मग चष्मे लावून आम्ही दोघे प्रत्येकाखाली ते बनवणाऱ्याचे नाव वाचत बसलो.