चाकांवरचें बिऱ्हाड

बिऱ्हाड मांडण्याचा अनुभव मला नवा नाहीं. यजमानांच्या बदल्यांमुळें मीं सात वेळां संसार हलविला, आणि पुण्याचा वाडा पाडला तेव्हां आठव्यांदां. पण घराला चाकें लावून तें दारांत आणून उभें करणारा आमच्या कुळांत माझा मुलगाच पहिला. गेल्या वर्षापासून मी त्याच्याकडे इंग्लंडांत लीड्स येथें राहतें. वसंत ऋतूंत एके दिवशीं एक भलीमोठी पांढरी गाडी दाराशीं थांबली आणि नात ओरडली, “आजी, आपलें दुसरें घर आलें!”

हा शोक तिकडे जुनाच आहे. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनीं १८८५ सालीं केवळ भटकंतीसाठीं ब्रिस्टल येथें एक घरगाडी बांधवून घेतली होती. ती घोडे ओढीत. आमच्या मोटरहोमला घोडे नव्हते, एवढाच भेद. ओटा तीन वितींचा, आणि दिवसाची बैठक रात्रीं पलंग होणार.

पहिली रात्र दारांतच काढावी, म्हणजे काय विसरलें तें घराजवळच कळतें, असें अनुभवी लोक सांगतात. आम्हींही तसेंच ठरविलें. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मुक्कामाच्या जागीं तार जोडली कीं २३० व्होल्टची वीज मिळते. शीतकपाट तर वायूच्या ज्योतीवरही चालतें. आंचेनें थंडी कशी उत्पन्न होते, हें मुलाला मला दोनदां समजावून सांगावें लागलें : उष्णतेनें पाण्यांतून अमोनियाची वाफ सुटते, पुढें ती द्रवरूप होते, आणि पुन्हां वाफ होतांना आंतील उष्णता शोषून घेते. हा सारा प्रवाह उतारावर अवलंबून असल्यामुळें गाडी तिरपी उभी राहिली कीं शीतकपाट रुसतें. तिरपेपणा किती, हें मुलगा फोनमध्यें पाहात होता. तोंवर मीं कांठोकांठ पाणी भरलेली वाटी ओट्यावर ठेवली. ज्या बाजूला पाणी सांडलें, त्या बाजूच्या चाकाखालीं त्यानें पाचर सरकविली.

माझें शहाणपण मात्र तेथेंच थांबलें नाहीं. वायूच्या टाकीचें कपाट पुसतांना त्याच्या तळाशीं मला एक भोंक दिसलें. येथून उंदीर येतील, वारा येईल, असें वाटून मीं त्यांत जुनें फडकें ठासून बसविलें. संध्याकाळीं मुलानें तें पाहिलें आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो रागावला नाहीं. फडकें ओढून काढून माझ्यापुढें बसला. “आई, हा वायु हवेहून जड असतो. कोठें गळला तर वर जात नाहीं, खालीं सांचतो. तो बाहेर पडावा म्हणूनच तें भोंक ठेवलेलें असतें.” त्या टाकीपासून चार हातांवर नात झोंपणार होती. घरांतील भोंकें बुजविण्याचें काम मीं जन्मभर अभिमानानें केलें. त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप आली नाहीं.

मग निघालें वजनाचें. गाडीची मर्यादा ३५०० किलो. तेथें १ जानेवारी १९९७ पासून मोटारीचा परवाना मिळविणाऱ्यांना सामान्यतः याहून जड डिझेलगाडी चालवितां येत नाहीं, आणि आमचे चिरंजीव त्यांतलेच. सामान भरून, चौघेंही आंत बसून, गाडी वजनकांट्यावर नेली. कांटा म्हणाला ३५६०! पाण्याची टाकी १०० लिटरची. लिटराला किलो या हिशेबानें ती निम्मी रिती करतांच ५० किलो गेले. उरलेल्यासाठीं सामानाची झडती सुरू झाली. सूनबाईनें आपलीं पुस्तकें आणि रंगांची पेटी मुकाट्यानें उतरविली. माझ्या डब्यांना तिनें हातही लावला नाहीं. तेंच मला डांचलें. पुन्हां तोललें तेव्हां ३४९० भरले. पण दहा किलोंची सूट म्हणजे काय? वाटेंत घेतलेली भाजी-फळेंच ती खाऊन टाकतील.

माझ्या सामानांत सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता होता. वेलदोडे कुटायला दुसरें साधन चालत नाहीं, असें मी सर्वांना सांगत असें. खरें म्हणजे वाड्यांतून मीं बरोबर आणलेली जड वस्तु ती एवढीच. रात्रीं कोणाला न सांगतां मीं तो घरांत नेऊन फडताळांत ठेवला.

निघण्याच्या सकाळीं गाडींतील खालचें कपाट उघडलें, तों टॉवेलांत गुंडाळलेला खलबत्ता तेथें! जड वस्तु खालीं आणि दोन्ही आंसांच्या मध्यें ठेवावी, या नियमाप्रमाणें नीट बसविलेला. दारावरच्या यादींत सूनबाईच्या अक्षरांत ‘खलबत्ता, ३.८ किलो’ अशी नवी ओळ होती. वरच्या ओळींतले ‘डोंगर चढण्याचे बूट’ खोडलेले. आणि आम्ही निघालों होतों स्कॉटलंडच्या डोंगरांत.

“अग, तुझे बूट?”

“पायांत घालून येतें, आई.”

पायांत घातले तरी कांट्याला त्यांचें वजन तेवढेंच, हें मी बोललें नाहीं. मुलानें चाकांखालीं लिंबें ठेवलीं आणि नातीनें ‘मोरया’ म्हटलें.